साडेतेरा पेन्सांची डबी

एक शिलिंग दीड पेनी. एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी वर्तमानपत्रं चाळताना औषधांच्या जाहिरातींत ही चमत्कारिक किंमत पुन्हा पुन्हा समोर येते. पोट साफ करणाऱ्या गोळ्या असोत, जखमेवरचं मलम असो की खोकल्याचं औषध, लहान डबीचा भाव तोच. शिलिंगाचे बारा पेन्स समजण्यासारखे आहेत, पण वरची दीड पेनी कुणाची?

ती सरकारची. ब्रिटनमध्ये १७८३ पासून तयार औषधांवर तिकिटाचा कर होता. शिलिंगापर्यंतच्या औषधावर दीड पेनीचं तिकीट चिकटवल्याशिवाय डबी विकता येत नसे. औषधवाल्यांनी हा कर गिऱ्हाइकाच्या माथी मारला, त्यात नवल काही नाही. नवल पुढेच आहे. डबीच्या झाकणावर आडवं चिकटवलेलं, राजमुद्रेचं ते तिकीट पाहून सामान्य माणसाची समजूत अशी झाली, की हे औषध सरकारनं तपासलेलं दिसतं. सरकारनं फक्त पैसे घेतले होते. डबीत काय आहे, हे विचारलंही नव्हतं. ही समजूत दूर करण्याची औषधवाल्यांना अर्थातच घाई नव्हती. उलट काहींनी आपलं नावच त्या सरकारी तिकिटावर छापून घेतलं आणि जाहिरातीत ठणकावलं, की तिकिटावर आमचं नाव नसेल तर माल नकली समजावा. ज्या कराचा धंद्याला जाच व्हायचा, तोच धंद्याची जाहिरात करू लागला. हा कर १९४१ पर्यंत टिकला.

‘पेटंट औषध’ हे नावही असंच फसवं. यातल्या बहुतेक औषधांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर घटक जाहीर करावे लागतात आणि इथे तर सगळा धंदा गुपितावर उभा होता. नाव, वेष्टन आणि बाटलीचा आकार एवढंच मालकीचं. आतला ऐवज कुणालाही आपल्या स्वयंपाकघरात घोटता आला असता.

मायदेशातही ही औषधं अमाप खपत. पण त्यांचा खरा पराक्रम पाहायचा तर बोटीत बसून दूर जायला हवं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका इथे जमीन बळकावून कायमचे राहायला गेलेले गोरे वसाहतकरी, आणि हिंदुस्थानात नोकरीच्या मुदतीपुरते आलेले साहेब, मेमसाहेब, मळेवाले, मिशनरी. यांच्यात फरक मोठा. पहिल्यांना परत जायचं नव्हतं आणि दुसऱ्यांचा एक डोळा कायम पेन्शनीवर. तरी दोघांचं एक दुखणं सारखं होतं, ते म्हणजे अंतर. डॉक्टर चाळीस-पन्नास मैलांवर, आई सहा हजार मैलांवर, आणि बाळाचा ताप मात्र इथे, याच खाटेवर. लंडनच्या औषधवाल्यांनी हे अंतर नीट ओळखलं आणि पुढची पन्नास-साठ वर्षं ते बाटल्यांत भरून विकलं. पुढच्या पानांतल्या जाहिराती आणि वेष्टनं पाहताना हे ध्यानात ठेवलं, तर हसण्याजोग्या वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टींचा अर्थ लागतो.

या सगळ्यांचा आद्य गुरू म्हणजे टॉमस हॉलोवे. जन्म १८०० सालचा. व्यापारी दलाल म्हणून लंडनमध्ये बस्तान बसवत असताना त्याची गाठ तुरीनहून आलेल्या फेलिक्स आल्बिनोलो या मलमवाल्याशी पडली. आल्बिनोलोचं मलम खपलं नाही. हॉलोवेनं मात्र १८३७ मध्ये स्वतःचं मलम बाजारात आणलं आणि मागोमाग गोळ्या. पहिलं मलम आईच्या पातेल्यात शिजलं, असं सांगतात. जाहिरातीवर इतका पैसा उधळला, की कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. माणूस बाहेर आला आणि पुन्हा जाहिरातच करू लागला. १८४२ मध्ये तो जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्च करत होता. १८८३ मध्ये वारला तेव्हा हा आकडा ५०,००० पौंडांवर गेला होता. चिनी, तुर्की, अरबी, आर्मेनियन आणि हिंदुस्थानातल्या देशी भाषा, जिथे छापखाना पोचला तिथे हॉलोवेची जाहिरात पोचली.

गोळ्यांत होतं काय? काळा बोळ, सुंठ आणि साबण. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या सुईणीनं वास घेऊनच ओळखलं असतं. तेवढ्यावर गोळ्यांनी यकृत, त्वचा, मज्जातंतू आणि स्त्रियांचे सर्व विकार बरे करण्याचं कंत्राट घेतलं होतं. पोट साफ झाल्यावर माणसाला बरं वाटतंच, त्यामुळे गोळी अगदीच खोटी म्हणता येत नाही. खोटी होती ती तिच्यासोबतची यादी.

या कमाईतून हॉलोवेनं लंडनजवळ दोन अवाढव्य इमारती उठवल्या. एक १८८५ मध्ये उघडलेलं मनोरुग्णांचं इस्पितळ. दुसरी मुलींच्या उच्च शिक्षणासाठीचं कॉलेज. १८८६ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणी त्याच्या उद्घाटनाला आली. रॉयल हॉलोवे आज लंडन विद्यापीठाचा भाग आहे. काळ्या बोळावर उभं राहिलेलं दुसरं विद्यापीठ जगात बहुधा नसावं.

हॉलोवेच्या मलमाच्या चिनी मातीच्या पांढऱ्या डब्या ऑस्ट्रेलियात आजही जमिनीतून निघतात. बाजूला निळ्या-काळ्या छपाईत आरोग्यदेवता हायजिया, तिच्याजवळ साप, खाली दुखण्यांची नामावळी. सोन्याच्या खाणींभोवतीचे उकिरडे, पडक्या खोपटांच्या चुलीमागचे कोपरे, जुन्या शहरवस्त्यांतल्या बुजलेल्या विहिरी ही पुरातत्त्व अभ्यासकांची आवडती ठिकाणं. सिडनीच्या ‘द रॉक्स’ भागात १९९४ मध्ये मोठं उत्खनन झालं, तेव्हा गरीब समजल्या गेलेल्या वस्तीत चांगल्या कपबश्या, खेळणी, शोभेच्या वस्तू असा संसार सापडला. इतिहासाच्या पुस्तकांत जे आलं नाही, ते उकिरड्यानं जपून ठेवलं.

त्या उकिरड्यांत आणखी एक बाटली हमखास मिळते. चौकोनी, गडद हिरव्या किंवा तपकिरी काचेची, अंगावर उठावाच्या अक्षरांत ‘उडॉल्फो वुल्फ’. न्यूयॉर्कच्या या गृहस्थानं हॉलंडमधल्या स्कीडाम गावची जिन ‘सुगंधी श्नाप्स’ म्हणून विकली आणि मूत्रपिंडाच्या तक्रारींवर ती उत्तम, असं डॉक्टरांच्या नावे छापलं. १८५१ नंतर व्हिक्टोरिया प्रांतात सोन्यासाठी झुंबड उडाली, तेव्हा तिथल्या खाणकामगारांची मूत्रपिंडं एकाएकी फारच नाजूक झालेली दिसतात. दारू पिणं पाप मानणाऱ्या घरांतही अशी बाटली औषधाच्या फळीवर उजळ माथ्यानं बसत असे. कितीतरी ‘टॉनिकां’चा आणि ‘बिटर्सां’चा जोर निव्वळ मद्यार्काचा होता.

आता एक बाटली हिंदुस्थानात जन्मलेली. जॉन कॉलिस ब्राउन हा ब्रिटिश पलटणीतला डॉक्टर. १८४८ च्या सुमारास इथे नोकरीवर असताना त्यानं पटकीवर एक मिश्रण बनवलं. अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. नाव ‘क्लोरोडाइन’. पुढे १८५६ मध्ये जॉन डॅव्हनपोर्ट या लंडनच्या औषधविक्रेत्याला त्यानं विक्रीचा हक्क दिला आणि साम्राज्यभर हे थेंब पोचले. खोकला, हगवण, दातदुखी, निद्रानाश, मुरडा, सगळ्यावर एकच उपाय. आणि हे औषध हॉलोवेच्या गोळीसारखं पोकळ नव्हतं. कळ थांबायची, जुलाब आवळायचे, झोप लागायची. पण पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. ते भरून काढण्याचा गुण त्या तिन्हींपैकी कशातच नव्हता. रोगी शांत पडला की घरच्यांना वाटे, उतार पडला.

प्रतिस्पर्धी निघाले, ‘मूळ शोध आमचा’ म्हणू लागले. १८६४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी शोध ब्राउनचाच असल्याचं म्हटलं. झालं, तेव्हापासून जाहिरातीत कोर्टाचा हा शेरा ठळक अक्षरांत. निवाडा शोध कुणाचा यापुरता होता. वाचणाऱ्याला मात्र औषध चांगलं असल्याचाच निकाल लागल्यासारखं वाटे. तिकिटाची युक्ती इथे कोर्टाच्या शिक्क्यानं पुन्हा वठवली. क्लोरोडाइनची चटक लागलेले आणि जास्त मात्रेनं दगावलेले लोक पुढे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले.

साहेब हिंदुस्थानात नुसता रोगाला भीत नव्हता, उन्हाला, वाऱ्याला आणि पाण्यालाही भीत होता. या भीतीचं केवढं मोठं दुकान मांडलं गेलं! ‘कॉलरा बेल्ट’ म्हणजे पोटाभोवती गुंडाळायचा फलालिनीचा पट्टा. पोटाला गारवा लागला की पटकी होते, या समजुतीवर तो विकला गेला. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कोखनं इजिप्त आणि कलकत्ता इथे पटकीचे जंतू दाखवून दिले. पट्टा तरीही पुढची कित्येक वर्षं विकला जात राहिला. विज्ञानानं रद्द केलेली वस्तू दुकानदारानं रद्द करायला हवी, असा काही नियम नाही. शिवाय पाठीच्या कण्याला ऊन लागू नये म्हणून कोटाच्या आतून लावायची गादी होती. आणि अर्थातच टोपी. ‘सोला टोपी’तला सोला म्हणजे पाणथळीत उगवणारी एक वनस्पती. तिच्या हलक्या पांढऱ्या गाभ्याला आपण भेंड म्हणतो आणि त्याची बाशिंगं करतो. इंग्रजी कानाला ‘सोला’चा ‘सोलर’ ऐकू आला आणि ती सूर्यापासून वाचवणारी टोपी ठरली. नवरदेवाच्या कपाळावरचं भेंड साहेबाच्या डोक्यावर चढलं ते असं.

हे सगळं मिळायचं कुठे? लष्करी अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये लंडनला एक सहकारी संस्था काढली. मूळ हेतू साधा, घाऊक भावात वाइन मिळावी. बघता बघता तिचं ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ झालं. तिचं सूचिपत्र म्हणजे जाडजूड पोथी. तंबूपासून दातांच्या ब्रशापर्यंत, घडीच्या आंघोळीच्या टबापासून थडग्यावरच्या दगडापर्यंत काहीही मागवावं. १८९१ मध्ये संस्थेनं मुंबईत शाखा उघडली. काळा घोड्याजवळची तिची दगडी इमारत आजही त्याच नावानं ओळखली जाते. मुंबईकरांच्या तोंडी असलेला ‘केम्प्स कॉर्नर’ हाही एका औषधविक्रेत्याचाच कोपरा. केम्प आणि कंपनीचं दुकान त्या नाक्यावर होतं. दुकान गेलं, वर उड्डाणपूल आला, नाव कुणी काढू शकलं नाही.

फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी १८८८ मध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रज गृहिणींसाठी घरसंसार आणि स्वयंपाकाचा जाडा मार्गदर्शक ग्रंथ काढला. नोकरांना कसं वागवावं, कोठीत किती साखर लागते, थंड हवेच्या ठिकाणी जाताना किती उंट लागतात, हे सगळं त्यात आहे. ग्रंथाचा सूर घर चालवण्याचा कमी, प्रांत चालवण्याचा जास्त आहे. त्याच्या शेजारी या जाहिराती ठेवून वाचल्या की मेमसाहेबाची दुहेरी गोची दिसते. हुकूम सोडायचा तिनं, आणि रात्री मूल फणफणलं की औषधाच्या पेटीपाशी कंदील घेऊन एकटीनं बसायचं तेही तिनंच.

त्या पेटीचाही इतिहास आहे. सायलस बरोज आणि हेन्री वेलकम या दोन अमेरिकनांनी १८८० मध्ये लंडनला कंपनी काढली. दाबून केलेल्या गोळ्यांसाठी १८८४ मध्ये त्यांनी ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवलं. प्रवासी, मिशनरी, मळेवाले यांच्यासाठी या गोळ्यांच्या सुबक पेट्या निघाल्या. आफ्रिकेत जाणाऱ्या स्टॅन्लीसारख्या नामांकित प्रवाशांना पेट्या पुरवायच्या आणि मग त्यांचं नाव जाहिरातीत लावायचं, हा वेलकमचा हातखंडा. लिव्हिंगस्टनच्या तापावरच्या गोळ्यांचा नुस्खाही त्यांनी ‘लिव्हिंगस्टन्स राउझर्स’ म्हणून विकला. या पेट्यांत क्विनीन होतं आणि ते खरोखर गुणकारी होतं, हे सांगायलाच हवं. सगळंच ढोंग नव्हतं. ‘टॅब्लॉइड’ शब्दाचं पुढे काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे. थोडक्या जागेत दाबून बसवलेली बातमी, असा अर्थ घेऊन तो वर्तमानपत्रांना चिकटला.

ऑस्ट्रेलियातल्या रानातल्या संसाराला असलं सुबक सामान परवडत नव्हतं. तिथली खरी घरगुती वस्तू म्हणजे घासलेटचा डबा. अमेरिकेहून घासलेट यायचं ते चार-चार गॅलनांचे दोन पत्र्याचे डबे एका लाकडी खोक्यात घालून. तेल संपलं की डब्याची बादली, खोक्याचं कपाट. डबे उभे कापून, सपाट करून भिंती. खोकी एकावर एक रचून, पुढे चिटाचा पडदा लावला की ड्रेसिंग टेबल तयार. घासलेट आणि रॉकेल हे दोन्ही शब्द ज्यांच्या घरात रुळले, ‘गॅसलाइट’ आणि ‘रॉक ऑइल’ ही त्यांची मुळं विसरून, त्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कोकणातल्या आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांनी पाणी याच डब्यांतून भरलं आणि धान्यही यांतच साठवलं.

कधी वसाहतकऱ्यांनी विकतची वस्तू सोडून स्वतःच काही उभं केलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कूलगार्डी इथे १८९०च्या दशकात सोनं सापडलं. पाणी दुर्मीळ, ऊन भाजून काढणारं, लोणी दुपारपर्यंत तेल. तिथल्या आर्थर मॅककॉर्मिकनं तरटानं मढवलेली चौकट केली, वर पाण्याचं पसरट भांडं ठेवलं आणि त्यातून कापडाच्या पट्ट्या खाली सोडल्या. ओलं तरट वाऱ्यानं वाळताना आतलं अन्न गार राही. माठ आणि वाळ्याचे पडदे जाणणाऱ्या माणसाला यात शोध कुठला, असं वाटेल. पण या कपाटाचे कारखाने निघाले आणि विसाव्या शतकात बरीच वर्षं ती घराघरांत होती.

चहाची गोष्ट याहून गमतीची. बिहारमध्ये नीळमळेवाला म्हणून राहिलेला जेम्स इंग्लिस हा स्कॉट माणूस पुढे सिडनीला गेला आणि हिंदुस्थानी चहाचा व्यापारी झाला. त्याच्या कंपनीनं १९०३ मध्ये ‘बिली टी’च्या जाहिरातीसाठी ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ हे गाणं थोडं फिरवून वापरलं. आज ऑस्ट्रेलियाचं जवळजवळ राष्ट्रगीतच मानलं जाणारं हे गाणं घराघरांत गेलं, ते चहाच्या पुडीबरोबर.

आर्मी अँड नेव्हीच्या पोथीचं काम कॅनडात टिमथी ईटनच्या सूचिपत्रानं केलं. १८८४ पासून ते निघू लागलं आणि बर्फात अडकलेल्या शेतघरांत बायबलाखालोखाल वाचलं गेलं. वर्ष संपलं की त्याची पानं परसातल्या शौचकूपात.

याच कॅनडातला एक व्यवहार मात्र नीट पाहावा. जॉर्ज फुलफर्ड या ब्रॉकव्हिलच्या औषधविक्रेत्यानं १८९० मध्ये एका डॉक्टरकडून गोळ्यांचा हक्क विकत घेतला. किंमत ५३ डॉलर आणि १ सेंट. ‘फिकट माणसांसाठी गुलाबी गोळ्या’. मुख्य घटक लोहाचा क्षार. रक्तक्षयाच्या रोग्याला लोहाचा थोडाफार उपयोग होतो, त्यामुळे काहींना खरंच बरं वाटलं. पण फुलफर्ड विकत होता गोष्टी. अर्धांगानं खिळलेला माणूस गोळ्या घेऊन चालू लागला, डॉक्टरांनी हात टेकलेली मुलगी शाळेत जाऊ लागली. बातमीच्या टंकात, बातमीच्या थाटात छापलेली ही पत्रं शेवटच्या दोन ओळींपर्यंत जाहिरात वाटतच नसत. आणि इथे पुन्हा अंतर कामाला आलं. मेलबर्नच्या वाचकाला ओंटारिओतल्या रोग्याचा पत्ता काढता येत नव्हता आणि ओंटारिओच्या वाचकाला मेलबर्नमधल्या. जितका दूरचा दाखला, तितका तो पक्का. फुलफर्ड १९०० मध्ये सेनेटर झाला आणि १९०५ मध्ये मोटार-अपघातात गेला. त्या वाहनाच्या अपघातात दगावलेला पहिला कॅनेडियन म्हणून त्याची नोंद आहे.

या कागदी जगात आणखी एक माणूस सतत दिसतो, पण गिऱ्हाईक म्हणून नव्हे. पेअर्स साबणाची १८९९ ची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. पांढऱ्या गणवेशातला अमेरिकी अॅडमिरल ड्यूई जहाजावर हात धूत उभा आहे. कोपऱ्यात एक गोरा माणूस गुडघे टेकलेल्या काळ्या माणसाला साबण देतो आहे. मथळा त्याच वर्षी गाजलेल्या किपलिंगच्या कवितेवरून उचललेला. साबण म्हणजे सुधारणा, आणि सुधारणा गोऱ्याच्या हातात. ज्यांच्या जमिनीवर हे संसार उभे राहिले, ते लोक बहुतेक जाहिरातींत नाहीतच. असतात तेव्हा असे, कोपऱ्यात.

म्हणूनच निलगिरीच्या तेलाची हकिकत वाचायला हवी. युकॅलिप्टसच्या पानांचे गुण ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १८५०च्या दशकात जोसेफ बोसिस्टो या इंग्लंडहून आलेल्या औषधविक्रेत्यानं, वनस्पतितज्ज्ञ फर्डिनांड फॉन म्युलरच्या सांगण्यावरून, व्हिक्टोरियात भट्टी लावून ते तेल व्यापारी प्रमाणावर काढलं. वसाहतीतून मायदेशाकडे उलट गेलेलं हे औषध. झाडं उटीच्या डोंगरांवरही लावली गेली आणि तिथलं तेल आपल्याकडे आलं ते डोंगराचं नाव घेऊन. सर्दी झाली की रुमालावर जे चार थेंब टाकले जातात, त्यांच्या नावात ऑस्ट्रेलियाचा मागमूस नाही.

सगळ्यांत काळं पान मुलांच्या औषधांचं. अमेरिकेतून आलेल्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फिन होतं. वेष्टनावर हसरी आई, मांडीवर शांत बाळ. बाळ शांत का, याचं उत्तर बाटलीत. रानातल्या घरी गाई पिळून, कपडे धुऊन, सहा माणसांचं रांधणाऱ्या बाईनं दातांसाठी रडणाऱ्या मुलाला हे चमचाभर द्यावं, यात तिला दोष देण्याचा अधिकार कुणाला आहे? मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बायका मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत, हे १९२०च्या दशकातल्या पाहण्यांत नोंदलं आहे. दोघींच्यात समुद्र आणि सत्ता यांचं अंतर, पण गरज एकच. बाळ झोपलं पाहिजे, कारण काम थांबणार नाही.

भांडाफोड झाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत. अमेरिकेत १९०५ मध्ये सॅम्युअल हॉपकिन्स अॅडम्सनं ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात लेखमाला चालवली आणि पुढल्याच वर्षी अन्न-औषधांचा कायदा झाला. ऑस्ट्रेलियानं १९०५ मध्येच आयात मालावर खरं वर्णन छापण्याची सक्ती केली. मग गुप्त औषधांच्या चौकशीसाठी एकसदस्यीय रॉयल कमिशन नेमलं. सदस्य कोण? ऑक्टेव्हियस बील, सिडनीचा पियानो कारखानदार. त्याचा १९०७ चा अहवाल तळमळीचा आहे आणि चक्रमही. झोपेची सिरपं आणि गर्भपाताच्या गोळ्या यांच्यावर तो तुटून पडतो, पण त्याची खरी चिंता गोऱ्या वंशाचा जन्मदर घटतो ही होती. मुलं वाचवायची होती ती खंड भरण्यासाठी. चांगला कायदा आणि वाईट हेतू एकाच अहवालात सुखानं नांदताना पाहायचे असतील, तर बील वाचावा. न्यूझीलंडनं १९०८ मध्ये भोंदू इलाजांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या संघटनेनं १९०९ मध्ये ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचं पुस्तकच छापलं. बाटल्या आणि डब्या प्रयोगशाळेत नेल्या, घटक शोधले, त्यांची किंमत मांडली. बीचमच्या ५६ गोळ्यांची डबी विकली जायची साडेतेरा पेन्सांना. आतल्या मालाची किंमत निघाली अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. पुन्हा तेच, काळा बोळ, सुंठ, साबण. पुस्तक धडाक्यानं खपलं. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घ्यायला मात्र फारसा उत्साह दाखवला नाही, कारण त्यांची चूल याच जाहिरातींवर पेटत होती. शेवटी पार्लमेंटनं समिती बसवली. समितीनं दोन वर्षं साक्षी घेऊन सडेतोड अहवाल लिहिला आणि तो प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ रोजी. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. अहवाल कुणी वाचणार तरी कधी?

हिंदुस्थानात याला आणखी वेळ लागला. इथल्या बाजारात येणाऱ्या बनावट आणि भेसळीच्या औषधांची चौकशी १९३०-३१ मध्ये रामनाथ चोप्रा समितीनं केली. औषधांचा कायदा १९४० मध्ये झाला आणि चमत्काराच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ मध्ये. तोवर देशी उद्योजकांनी विलायती बाटलीची सगळी कला आत्मसात केली होती. डबीचा आकार, ओळखीचं चित्र, नकली मालापासून सावध राहण्याची सूचना, आणि १८७७ पासून टपालखात्यानं सुरू केलेली, माल हाती आल्यावर पैसे देण्याची व्ही.पी.पी. काशिनाधुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन काढलं, ते याच बाजारपेठेत. त्याच्या नफ्यातून पुढे ‘आंध्र पत्रिका’ निघाली आणि त्या पत्रानं स्वराज्याची बाजू मांडली.

विलायती बाटल्यांपैकी काही राहिल्याच. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं १८५१ मध्ये ग्राइप वॉटर काढलं. त्यात शेपाचं तेल, सोडा, साखर आणि थोडा मद्यार्क. बाळंतशेपा खाणाऱ्या घरांत ते परकं वाटलं नाही, आणि पुढे मद्यार्क गेला तरी बाटली गेली नाही. न्यूकॅसलच्या बंदरावर जेम्स क्रॉसली ईनो हा औषधविक्रेता खलाशांना फेसाळणारं फळांचं मीठ देत असे. समुद्रापलीकडच्या उष्ण मुलखात ते जाहिरातीत तापापासून अपचनापर्यंत सगळ्यावर उपाय झालं. खायचा सोडा आणि आम्ल, इतकाच त्याचा जीव. ईनोचा ‘इनो’ झाला, आणि मराठी स्वयंपाकघरात त्याची पुडी आता बहुतेक वेळा पोटदुखीसाठी फोडली जात नाही. ढोकळ्याचं पीठ भांड्यात ओतण्याआधी ती वरून टाकायची, एकाच दिशेनं ढवळायचं आणि लगेच वाफेवर ठेवायचं.